अल्बीनाबाईंच्या अंगणाचा ढाळ

त्या उन्हाळ्यात आमच्या गावात एक कुजबुज फिरत होती. एर्विन झापालाक रविवारी, सगळं गाव चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेला बसलेलं असताना, अल्बीना क्रायचाबाईंच्या मागच्या फाटकातून आत शिरतो म्हणे. बातमी आणली शेजारच्या बर्निसनं. बर्निसचे गुडघे चर्चपर्यंत जात नसत, खिडकीपर्यंत मात्र व्यवस्थित जात.

आता बाई तर चर्चमध्ये पहिल्या बाकावर. मग हा आत जातो कशाला? बर्निसकडे उत्तर तयार होतं. बाईंच्या स्वर्गवासी नवऱ्यानं अंगणात चांदीचे डॉलर पुरले होते, आणि हिरवळ बसवताना एर्विनच्या फावड्याला ते लागले. आता थोडे थोडे उपसतोय. गावानं मान डोलावली. डॅलसच्या या बाजूला बातम्यांचा तसाही दुष्काळ असतो.

एर्विनचा धंदा म्हणजे लोकांची अंगणं करून देणं. आमची माती काळी, चिकण. वसंतात पाणी पिऊन फुगते आणि ऑगस्टात अशी भेगाळते की पडलेली किल्ली परत मिळत नाही. बाईंचा म्हातारा कुत्रा पेपिक ही माती चारी पायांना थापून स्वयंपाकघरभर हिंडायचा. फरशी पुसून पुसून बाईंची कंबर गेली. शेवटी त्यांनी एर्विनला बोलावलं आणि कुत्र्याला चालेल, धुता येईल अशी प्लास्टिकची हिरवळ बसवायला सांगितली.

या कामात हिरवळीला फार अक्कल लागत नाही, खालच्या जमिनीला लागते. माती वीतभर खोल काढायची, खडी पसरायची, धुमसानं ठोकून ती घट्ट बसवायची आणि ढाळ घरापासून दूर द्यायचा, म्हणजे कुत्र्याचं मूत खाली झिरपून वाहून जातं. पण हे सगळं माती सुकल्यावर. एर्विनच्या बापानं त्याला एकच धडा नीट शिकवला होता: टाच रुतत असेल तर फावडं उचलायचं नाही.

बाईंचं काम आलं ते वसंतात, आणि त्या आठवड्यात टाच घोट्यापर्यंत रुतत होती. पण पुढच्या रविवारी चर्चची जत्रा होती, बाईंकडे पाहुणे यायचे होते आणि एर्विनला बँडमध्ये अकॉर्डियन वाजवायचं होतं. तालमी बुडत होत्या. बाईंनी स्वतःहून विचारलं, माती सुकेपर्यंत थांबायचं का? एर्विन म्हणाला, काही गरज नाही.

जत्रेत एर्विननं अकॉर्डियन असं वाजवलं की पाद्रीबाबांचाही पाय ठेका धरू लागला. बाईंनी पाहुण्यांना हिरवंगार अंगण दाखवलं. सगळे खूश, पेपिकसुद्धा.

जुलै लागला तशी फुगलेली माती आकसली आणि ढाळ उलटला. आता सगळं वाहून मागच्या पायरीखाली साचू लागलं. बाईंना वास आला. त्यांनी एर्विनला विचारलं तेव्हा त्यानं टोपी सारखी केली आणि उन्हाळ्यात थोडं होतंच, असं सांगून मोकळा झाला. घरी गेल्यावर मात्र सॉसेजचा घास त्याच्या तोंडात फिरू लागला. उखडून पुन्हा करावं, तर गावभर नाचक्की. म्हणून दर रविवारी मिस्सा बुडवून तो गुपचूप यायचा, वास मारणारं औषध ओतायचा आणि नळीनं पायरीजवळ धुवायचा. पेपिक प्रत्येक वेळी शेपूट हलवत भेटायला यायचा. एर्विन त्याच्याकडे बघायचं टाळायचा. धुण्यानं ढाळ काही सरळ होत नव्हता.

ऑगस्टात एका संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये डोमिनोचा डाव रंगला होता. बाई कोलाचे, म्हणजे खसखस भरलेले गोड पाव, वाटत आल्या आणि सहज बोलावं तसं बोलून गेल्या. पेपिकला ह्यूस्टनला लेकीकडे पाठवतेय. ती शनिवारी न्यायला येणार आहे. म्हातारा झाला, त्याला लघवी आवरत नाही, पायरीशीच करतो. लेक राहते उंच इमारतीत, बिचारा सज्ज्यात बसेल.

एर्विनच्या हातातली सोंगटी तशीच राहिली. बर्निसचा भाऊ म्हणाला, "लेका, खेळतोस की पुरतोस ती?" सगळे हसले. एर्विन डाव टाकून उठला.

शुक्रवारी भर दुपारी तो पहार घेऊन बाईंच्या पुढच्या दारातून आला. या खेपेला घंटी वाजवून. तडक मागे गेला आणि पायरीजवळची हिरवळ उचकटून उलटी टाकली. खाली काळा चिखल होता, आणि असा भपकारा आला की पेपिकही चार पावलं मागे सरला.

"अरे, हे काय आरंभलंस?" बाईंनी नाकाला एप्रन लावला.

"कुत्र्याला कुठं पाठवू नका, बाई. त्याचं काही चुकलेलं नाही. ओल्या मातीवर काम केलं मी. ढाळ उलटलाय."

"मी विचारलं होतं तुला."

"विचारलं होतं."

एर्विन शिव्या खायच्या तयारीनं आला होता. चोर म्हणतील, आळशी म्हणतील, गावभर सांगतील, सगळं त्यानं मनात घोकून ठेवलं होतं.

"मी मारलं रे त्याला," बाई म्हणाल्या. "वर्तमानपत्राची गुंडाळी करून. कितीदा तरी."

एर्विननं टोपी काढली, पुन्हा घातली.

बाईंनी आत जाऊन लेकीला फोन केला, येऊ नकोस म्हणून. एर्विननं दुसऱ्या दिवसापासून सगळं अंगण उखडलं. कोरडी, दगडासारखी माती पहारीनं फोडली, खडी भरली, धुमस मारला, आणि ढाळ गल्लीकडे दिला. बाई सावलीत खुर्ची टाकून बसल्या होत्या. मधेच उठून बादलीभर पाणी ओतायच्या आणि ते कुठं जातं ते बघायच्या. वास गेला.

पण पेपिक काही हिरवळीवर पाऊल टाकेना. कडेला उभा राहायचा आणि बाईंच्या हातांकडे बघायचा. थंडी पडेपर्यंत तसंच चाललं. पुढच्या जत्रेत बँडवाल्यांनी बोलावलं, तर एर्विन म्हणाला, बोटं दुखतात.

बर्निस अजून चांदीच्या डॉलरांचं सांगते. त्या अंगणात डॉलर नव्हते. एर्विन झापालाक रविवारी तिथं कुत्र्याचं मूत धुवायला जात होता.