हसू आलं नाही तर रुपया परत

मशीनखाली लोखंडाचा कीस साठतो ना, तसे आमच्या कंपनीत किस्से साठतात. मुद्दाम कुणी पाडत नाही, पण शिफ्ट संपेपर्यंत ढीग झालेला असतो. कीस निदान भंगारवाला उचलून नेतो. किस्से मात्र माझ्याच डोक्यात पडून राहिलेत. म्हटलं, आज तुमच्या गळ्यात मारून मोकळी होते!

मी नाशिकला अंबडच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळते. नट, बोल्ट, हातमोजे, साबणाची वडीसुद्धा माझ्या सहीशिवाय बाहेर पडत नाही. त्यामुळे सगळे मला ताई म्हणतात आणि थोडे घाबरून असतात. कॅन्टीनमध्ये खिडकीजवळचं टेबल आमचं. मी, सीएनसी मशीनवरचा संदीप, फोर्कलिफ्ट चालवणारे रफिकभाई आणि सुपरवायझर वाघचौरे साहेब. साहेब आमच्यात बसतात ते काही आवडीने नाही. पंखा तिथेच आहे म्हणून.

संदीप येवल्याकडचा. सिडकोत खोली घेऊन राहतो. पोरगा गुणाचा, पण चौतिशी आली तरी लग्न जमेना. आणि जोक सांगायची हौस दांडगी! कंपनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचा, पण गुड मॉर्निंगच्या गुलाबांखाली बिचाऱ्याचा जोक गाडला जायचा.

एक दिवस माझा मोबाइल वाजला. संदीपने मला एक रुपया पाठवलेला. पैसे पाठवताना खाली मजकूर लिहायला इवलीशी जागा असते ना, तिथे लिहिलं होतं, "साहेब म्हणाले, कंपनी म्हणजे घर. मी झोपलो. मेमो मिळाला."

मी हसले, मग त्याला धरलं. "काय रे, हे काय नवीन?"

"ताई, मेसेज कोण वाचतं हो! पण पैसे आले म्हटल्यावर माणूस आंघोळ अर्धी सोडून बाहेर येतो!"

नियम त्यानेच केला. हसू आलं तर जमेल ती टिप टाकायची. हसू नाही आलं तर रुपया परत. फुकट हसायचं नाही! टिपा साठवून लग्नाच्या हॉलचा अॅडव्हान्स भरणार म्हणाला.

"हॉल नंतर बघ," मी म्हटलं, "आधी मुलगी बघ!"

*

रफिकभाई म्हणजे संदीपचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. मोबाइल वाजला की आधी दहा रुपये टाकायचे, मग चष्मा शोधायचे.

"अहो रफिकभाई, वाचा तरी आधी!"

"वाचून हसू नाही आलं तर, ताई? पोराचं दिल कशाला तोडायचं?"

हे सगळं घरी भाभींच्या लक्षात आलं. "हा संदीप तुम्हाला रोज रुपया पाठवतो आणि तुम्ही त्याला दहा देता? असं काय सांगतो तो?"

"जोक सांगतो."

"मी इतकी वर्षं बोलतेय, मला कधी दिले?"

दुसऱ्या दिवशी ऐन जेवणात त्यांचा फोन वाजला. भाभींचा रुपया! आम्ही सगळे वाकलो. रफिकभाईंनी सवयीने आधी दहा टाकले, मग चष्मा लावून मोठ्याने वाचलं, "येताना दही आणा."

*

वाघचौरे साहेबांचं बरोबर उलटं. रुपया गेला की जेवण संपायच्या आत परत. खाली एकच शब्द, "वाचले." काडीचा फरक नाही. चेहरा असा, जणू समोर रिजेक्ट झालेला पार्ट ठेवलाय.

संदीपने सगळं करून बघितलं. कांद्यावरचा पाठवला, "कापून रडलात? आम्ही विकून रडतो." साहेब स्वतः निफाडचे, घरचा कांदा. वाटलं, हा लागणार! रुपया परत. "वाचले."

एकदा मात्र रुपया दिवसभर परत आला नाही. कॅन्टीनभर बातमी पसरली, साहेब हसले! रफिकभाई पेढे आणायला निघाले होते. संध्याकाळी रुपया आला. खाली लिहिलेलं, "सर्व्हर डाऊन होता. वाचले."

"ताई," संदीप म्हणाला, "हा माणूस एकदा हसला ना, की माझं लग्न जमलंच समजा!"

म्हणजे दोन्ही गोष्टी सारख्याच अवघड होत्या, हे पोराला कळत होतं.

*

कंपनीत चार माणसं आनंदात आहेत म्हटल्यावर एचआरला कळणारच. आमच्या एचआर मॅडमनी लगेच उपक्रम काढला, 'हसरी कंपनी'. बॅनर लागला. कमिटी झाली. जोक पाठवायच्या दोन दिवस आधी कमिटीची मंजुरी घ्यायची. साहेबांवर नको, बायकोवर नको, गावावर नको, खाण्यावर नको, पगारावर तर अजिबात नको.

संदीपने डोकं खाजवून शेवटी एक जोक मंजूर करून घेतला. "एक माणूस होता. तो वेळेवर आला."

मॅनेजमेंटमधून धडाधड टिपा आल्या!

मग जीएम साहेबांना चेव चढला. त्यांनी रुपयासकट स्वतःचा जोक सगळ्या कंपनीला पाठवला. तोच जोक मला माझ्या वडिलांनी सांगितलेला, बहुतेक त्यांच्याही वडिलांचा. पण हां हां म्हणता टिपा सुरू! पर्चेसने दहा टाकले म्हणून अकाउंट्सने वीस टाकले. क्वालिटीवाल्यांनी तर हसण्याचे फोटो ग्रुपवर टाकले. खोटं कशाला बोलू, मीही दहा टाकले. इन्क्रिमेंट तोंडावर होतं हो!

एकाच माणसाने रुपया परत केला. "वाचले."

दुसऱ्या दिवशी वाघचौरे साहेबांना केबिनमधून बोलावणं आलं. आमच्या टेबलावर तर्क सुरू झाले. रफिकभाई तर त्यांच्या ट्रान्सफरपर्यंत पोचले होते. साहेब आले, डबा उघडला, भाजी बघितली.

"काय म्हणाले जीएम?"

"विचारलं, जोकमधलं काय आवडलं नाही."

"मग?"

"म्हटलं, सुरुवात आणि शेवट. मधलं ठीक आहे."

*

सवय वाईट हो. संदीपचा अंगठा इतका सरावला, की पैसे कुणालाही पाठवू दे, खाली जोक गेलाच पाहिजे. पेट्रोल पंपावर जोक, मेडिकलमध्ये जोक. भाजीवाल्या मावशी तर म्हणायच्या, "जोक नको, सुट्टे दे!"

आमच्या पॅकिंगमधल्या खैरनारचे वडील वारले. सगळ्यांनी मिळून मदत पाठवायचं ठरलं. संदीपनेही पाठवली आणि अंगठ्याने आपलं काम केलं, "डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका. मग बिल दिलं."

पाठवल्यावर पोरगा पांढराफटक पडला. "ताई, मी काय करून बसलो!" मी त्याला इतकं झापलं, इतकं झापलं, की विचारू नका. परत कसं घेणार? तो खैरनार त्या वेळी पंचवटीत, दशक्रियेला बसलेला.

खैरनार कामावर आला तेव्हा संदीप मशीनमागे लपला होता. त्याने शोधून काढलं त्याला. "म्हातारीला वाचून दाखवलं," म्हणाला. "बाप दवाखान्यात अगदी हेच बोलला होता. दहा दिवसांनी पहिल्यांदा हसली रे ती!"

संदीप त्या दिवशी जेवला नाही. मलाही डोळ्याला पदर लावावा लागला, आता काय लपवायचं.

*

आता ओझरचं सांगते.

तोवर संदीपचे बघण्याचे कार्यक्रम किती झाले, ते त्यालाच माहीत. सगळीकडे तेच प्रश्न. "शेती आहे का?" आहे. "करायची नाही ना?" नाही. "आई गावीच राहतील ना?" आणि चहा-पोहे झाले की शेवटी, "कळवतो." या कळवतोचा अर्थ आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

ओझरच्या स्थळाला त्याची आई मला हाताला धरूनच घेऊन गेली. "ताई, तुम्ही चला. आमचं पोरगं लय भोळं हाय, भलतंच काय तरी बोलून बसंल."

मुलगी अश्विनी, तिथेच एका लॅबमध्ये कामाला. नाकीडोळी छान, बोलायला नीटस. वडील विमानाच्या कारखान्यातून रिटायर झालेले. त्यांनी संदीपची अशी तपासणी केली, जणू हा आता उडणारच आहे! फ्लॅट स्वतःचा का? नाही. गाडी? बाइक. कंपनी उद्या बंद पडली तर?

"तर परवा दुसरी बघीन," संदीप म्हणाला. वडील हसले नाहीत. मी म्हटलं, हे दुसरे वाघचौरे!

मग दोघांना गच्चीवर बोलायला पाठवलं. खाली आल्यावर मी हळूच विचारलं, "काय बोललास रे?"

"आपल्या टेबलाचं सांगितलं. टिपा, रुपया परत, वाघचौरे साहेब, सगळं."

"अरे मेल्या, दहा मिनिटं मिळाली आणि त्यात तू वाघचौरे सांगितलास?"

पण बघत होते ना मी. संदीपचा चेहरा नेहमीसारखा नव्हता. इतक्या ठिकाणी गेला, पण चहाचा कप हातात धरून प्यायचाच विसरला, असं कुठे झालं नव्हतं. त्याला ती मुलगी मनापासून आवडली होती. त्याच्या आईलाही कळलं ते. म्हातारीने माझा हात घट्ट दाबला.

निघताना आईने मुलीला कुंकू लावलं आणि हातावर पाचशेची नोट ठेवली. मग वरचा रुपया शोधायला लागली. पिशवी झाली, बटवा झाला, माझी पर्स झाली. कुणाकडे रुपया असतोय आता? सगळे मोबाइलने पैसे देणारे!

"राहू द्या हो रुपया," मुलीची आई म्हणाली.

"आसं कसं? वरच्या रुपयाबिगर नाय द्यायचं!"

"मी पाठवतो ना रुपया," संदीप म्हणाला. अश्विनीने मोबाइलवर तिचा स्कॅनर उघडून पुढे धरला. त्याने स्कॅन केलं आणि रुपया पाठवला.

एक रुपया! म्हणजे खाली जोक आलाच! मी त्याच्या खांद्यावरून बघितलं, तोवर अंगठा आपलं काम करून मोकळा झाला होता. "मागचे पाहुणे म्हणाले, कळवतो. अजून कळवतायत."

अश्विनीने मोबाइल बघितला. तिला जोराचा ठसका लागला आणि ती पाणी प्यायला आत गेली ती गेलीच. वडील उठून उभे राहिले.

"बरं आहे," म्हणाले, "कळवतो."

*

संदीपने आठवडाभर मोबाइल खिशातच ठेवला. कुणाला रुपया नाही की जोक नाही. रफिकभाई वाट बघून बघून शेवटी स्वतःच त्याला दहा टाकायला निघाले. मी अडवलं. म्हटलं, टिपेने होणारं काम नाही हे.

एका दुपारी आम्ही जेवत असताना त्याचा मोबाइल वाजला. त्याने बघितला आणि ताटाशेजारी उपडा ठेवला. मी उचलून बघितलं. मुलीच्या वडिलांनी पाचशे रुपये परत पाठवले होते. खाली लिहिलेलं, "योग नाही."

रफिकभाईंनी आपल्या डब्यातला खिमा गुपचूप त्याच्या ताटात वाढला. संदीप पोळीचे तुकडे करत राहिला, खाल्ला एकही नाही. मला त्या बापाचा असा राग आला, की ओझरपर्यंत ऐकू जाईल असं बोलावंसं वाटत होतं.

तेवढ्यात वाघचौरे साहेब म्हणाले, "आणि रुपया?"

"काय साहेब?"

"पाचशे परत आले. रुपया आला का परत?"

"साहेब, जाऊ द्या ना," मी म्हटलं. "पोराचं काय चाललंय आणि तुम्ही रुपया काय धरून बसलाय!"

"नियम त्याचाच आहे. मी कधी मोडलाय?" साहेब जेवण सोडून संदीपकडे वळले. "रुपया आला का?"

संदीपने मान हलवली. "नाही आला."

आम्ही एकमेकांकडे बघतोय, तोच मोबाइल पुन्हा वाजला. संदीप हात लावायला तयार होईना. शेवटी वाघचौरे साहेबांनी स्वतःच्या हाताने तो सरळ केला आणि वाचला. मग माझ्यासमोर धरला.

अश्विनी. अकरा रुपये. खाली लिहिलं होतं, "ते बाबांनी कळवलं. हे मी कळवतेय."

साहेबांनी मोबाइल संदीपच्या हातात दिला, खिशातून शिफ्टमध्ये बाहेर सोडायच्या गेटपासचं पुस्तक काढलं, पेनाचं टोपण दातात धरलं आणि म्हणाले, "कारण काय लिहू?"