पिवळं दूध

पिवळा रंग दिसला की मला आजही मळमळतं. लग्नघरात हळद लावायला बोलावलं तर मी लांब उभी राहते, आणि बायकांना वाटतं, मास्तरणीला फार शिष्टपणा आलाय.

कुरुंद्यात आमच्या घरामागे दिरांनी हळद पॉलिश करायचा ढोल बसवला. शिजवून वाळवलेली हळकुंडं त्यात टाकायची आणि ढोल फिरवायचा. वरची साल घासून निघते आणि माल चकचकीत होतो. ती साल जाते कुठे, हे कुणी विचारत नव्हतं. ती आमच्या घरात येत होती. दुधाच्या सायीवर, मळलेल्या पिठावर, दात घासायच्या ब्रशवर. मी शिंकले तरी पदरावर पिवळा डाग पडायचा. किळस यायची. पण हळदीला घाण म्हणायची सोय नव्हती.

मी शाळेत सातवीला विज्ञान शिकवते. स्थायूचे कण जागच्या जागी थरथरतात, द्रवाचे एकमेकांवरून घसरतात, वायूचे मोकाट सुटतात, हे दर वर्षी सांगते. वर्गाच्या कोपऱ्यात उदबत्ती लावते, वास आला की हात वर करायला लावते. एका वर्षी कवडशात पिवळी धूळ तरंगत होती. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, धूळ तर स्थायू हाय. मग ती काहून फिरून राहिली?"

"हवेचे कण तिला सगळीकडून ढकलतात. ते दिसत नाहीत, पण थांबतही नाहीत," मी ऐटीत सांगितलं.

घरी सासूबाई दिवसभर ढोलाशेजारी बसून सांडलेली हळकुंडं वेचायच्या. त्यांना खोकला लागला. मी, विज्ञानाची शिक्षिका, काय केलं? रोज संध्याकाळी हळद घालून दूध दिलं. खोकला हटेना तसं चिमूटभर वाढवत गेले. त्या थुंकायच्या तेही पिवळं असायचं, आणि मी म्हणायचे, औषध लागू पडतंय, कफ सुटतोय. आठवलं की स्वतःचीच शिसारी येते.

अखेर वसमतच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला. धुळीनं फुप्फुसं खराब झालीत, गेलेलं परत येणार नाही, आता निदान धुळीपासून लांब ठेवा, म्हणाले. घरी येऊन दिरांना ढोल शेतात न्यायला सांगितलं.

"हळदीनं कोणी आजारी पडतं व्हय, वैनी?" ते हसले. सासूबाईंनीही त्यांचीच बाजू घेतली. "लक्ष्मी हाय ती. तिला घराबाहेर काढतेस?"

मग मी जमेल ते केलं. त्यांची खाट अंगणापलीकडच्या खोलीत हलवली, खिडकीला ओली चादर लावली. दुधात हळद घालायची बंद केली. आता त्यांना चार पावलं चालली तरी धाप लागते.

परवा हंगामातला माल आला होता, ढोल सकाळपासून चालू होता. संध्याकाळी मी चुलीवरून पांढरंशुभ्र दूध पेल्यात ओतलं आणि अंगण ओलांडून त्यांच्याकडे नेलं. झाकण ठेवायचं राहून गेलं. तेवढ्यात वर पातळ पिवळा थर धरला होता.

मी पेला मागे घेणार, तेवढ्यात त्यांनी तो हातातून घेतला आणि आत बघितलं.

"आज घातलीस व्हय माय हळद," त्या समाधानानं म्हणाल्या, आणि घटाघटा पिऊन टाकलं.