बेटावरचं शेवटचं घरटं

मागे वळून न बघता डावा तळहात उभा करायचा आणि हळूच म्हणायचं, "थांब. आधी ऐक." ही काकांची सवय. मागे साहेब आहे की शिपाई, ते बघायचे नाहीत. तुमच्याही कामावर असा एखादा असेल, ज्याने हात वर केला की का ते न विचारता आपण थांबतो.

महाडच्या औद्योगिक वसाहतीत, एका रसायनांच्या कारखान्यात आम्ही एकाच पाळीला होतो. मी प्रयोगशाळेत, ते पंपांवर. सगळी पाळी त्यांना काका म्हणायची. कुठला पंप बिघडणार, हे त्यांना नुसत्या आवाजावरून दोन दिवस आधी कळायचं. एकदा कँटीनमध्ये त्यांनी हात वर केला आणि सगळ्यांचे चहाचे कप तोंडाशीच थांबले. नव्या सुरक्षारक्षकाला वाटलं, वायुगळती झाली. तो थेट गेटपर्यंत पळाला. काका म्हणाले, "पावशा ओरडतोय. यंदा लवकर आला."

शिमगा सरला की सुट्टीच्या दिवशी ते मला सावित्री नदीच्या तरीवर, होड्या सुटतात त्या काठावर, न्यायचे. पात्राच्या मधोमध गाळाचं एक लांबट बेट होतं. शहर इतकं जवळ की बाजारातल्या रिक्षांचे हॉर्न तिथे ऐकू यायचे, पण होडीशिवाय पोचायची सोय नाही. उतरताना होडीवाला दर वेळी बजावायचा, "त्या टोकाला मगर हाय, काका. पान्यात पाय नाय घालायचा." काका मान डोलवायचे आणि दुर्बीण काढायचे.

तिथे सुरय यायचे. राखाडी पाठ, डोक्यावर काळी टोपी, पिवळी चोच. हा पक्षी घरटं म्हणून काही बांधतच नाही, उघड्या वाळूत खळगा करून अंडी घालतो. काका पुढे आणि मी त्यांच्या पावलांवर पाऊल ठेवत मागे. चुकून पाय पडेल या भीतीने माझ्या पोटऱ्या भरून यायच्या.

पण त्या बेटाने शहराचा घास घेतला होता. गाळाने नदी तुंबली आणि पुराचं पाणी बाजारात शिरलं, असं सगळे म्हणत. काकांच्या घरात पाणी माळ्याला लागलं होतं. शेजारच्या वहिनींचा नवरा दुकानातून परतलाच नाही. बेट काढा, असा अर्ज गावाने केला, तेव्हा पहिली सही काकांची होती.

अर्ज मंजूर झाला. काठापासून बेटापर्यंत भराव पडला आणि ऐन चैत्रात पोकलेन बेटावर चढलं. त्या वेळी वरच्या टोकाला अकरा घरट्यांत अंडी होती.

आम्ही होडीतून पोचलो तेव्हा यंत्र घरट्यांपासून शंभर पावलांवर होतं. काका धावले नाहीत, ओरडलेही नाहीत. चालत गेले आणि त्या लोखंडी पंजासमोर वाळूत उकिडवे बसले. पंजा हवेत तसाच होता. चालक पोलादपूरकडचा, तिशीतला गडी. यंत्र बंद करून तो खाली उतरला.

"काय करताव काका? मराल ना!"

"इथे बघ."

तो वाकला. वाळूच्याच रंगाची, ठिपक्यांची तीन अंडी होती. मग त्याने ठेकेदाराला फोन लावला. तासभर बोलणं झालं आणि ठरलं ते असं: काम खालच्या टोकाकडून सुरू करायचं, पण पावसाआधी वरचं टोकही उचलायचं. पिल्लं उडोत न उडोत.

"ठरलं," काका म्हणाले. "तो दिवस आला की मीच येऊन सांगेन."

परत आलो तर काठावर माणसं जमली होती. शेजारच्या वहिनी पुढे झाल्या. "भावोजी, तुम्ही पाखरं मोजताय. आमचा माणूस गेला, तो कोणी मोजला?"

"बेट जाणार, वहिनी. माझी सही आहे त्यावर."

"मग अडवता कशाला?"

त्या दिवशी दुर्बीण गळ्यात न घालता पिशवीत लपवून काका घरी गेले.

पुढचा दीड महिना आम्ही पाळी संपली की तरीवर जायचो. अंडी फुटली. पिल्लं वाळूत धावू लागली, मग एकेक करून उडाली. दुसऱ्या बाजूने यंत्र रोज थोडं पुढे सरकत होतं. मे संपत आला आणि रायगडाच्या बाजूने ढग दिसू लागले. दहा घरटी रिकामी झाली. अकराव्यातलं एक पिल्लू उशिरा जन्मलेलं, पंख फडफडवायचं आणि तोंडावर आपटायचं.

वरचं टोक उचलायचं त्या सकाळी चालक आपणहून म्हणाला, "काका, दोन दिस थांबू का? सायबाला सांगतो, यंत्र बिघडलंय."

मला वाटलं, सुटलो. काकांनी ढगांकडे पाहिलं, मग काठावरच्या घरांकडे. "नको. शब्द दिलाय. मला फक्त दोन तास दे."

त्यांनी पिल्लू टोपीत घेतलं. वरच्या अंगाला भरतीतही न बुडणारा एक कातळ होता, तिथे होडी नेली, पिल्लू खडकावर ठेवलं आणि आम्ही लांब जाऊन थांबलो. आई अजून जुन्या खळग्यावरच घिरट्या घालत होती. तासभर गेला. पिल्लू ओरडत होतं. वारा सुटला, होडी फिरू लागली.

"काका, आता निघू या. भरती लागली."

"थांब. आधी ऐक."

माझ्या कानांना फक्त वारा ऐकू येत होता. मग वरून एक बारीक, कर्कश हाक आली. चोचीत मासा धरून ती कातळावर उतरली.

काकांनी बेटाच्या दिशेने हात हलवला. यंत्र सुरू झालं. बेटाकडे पाठ करून ते होडीत बसले आणि काठ येईपर्यंत एकदाही वळले नाहीत. त्यांचे खांदे हलत होते. मी पाण्याकडे बघत बसलो.

त्या पावसाळ्यात पाणी वहिनींच्या पहिल्या पायरीपर्यंत आलं आणि उतरलं. सकाळी वहिनी कपभर चहा घेऊन काकांच्या दारात उभ्या होत्या.

दिवाळीनंतर काका एकदा पाळीला आले नाहीत. झोपेतच गेले होते.

या चैत्रात मी एकटाच तरीवर गेलो. होडीवाल्याने विचारलं, "कुठं नेऊ?" मी म्हटलं, "तिथेच." मधोमध आल्यावर त्याने होडी थांबवली आणि हातातला लांब बांबू सरळ पाण्यात सोडला. मनगट भिजेपर्यंत तो खाली घालत राहिला, पण तळ लागला नाही.