वरमाय वैजापूरची

माझा व्हिसा नाकारला गेला तो सासूबाईंमुळं, असं मी सांगितलं की ऐकणारे लगेच मान डोलावतात. सासू म्हटलं की कुणाला पुरावा लागत नाही. पण माझ्या सासूबाई तशा नव्हत्या. म्हणजे तशाही होत्या, पण मुख्य अडचण वेगळी होती. त्या माझ्या नवऱ्याच्या आई नव्हत्या.

नीट सांगते, नाहीतर तुमचंही त्या व्हिसावाल्या साहेबासारखं व्हायचं.

माझा नवरा विलायतेचा. आमच्या शहराला तेव्हा सगळे औरंगाबादच म्हणायचे. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात नवं मशीन बसवायला तो आला होता आणि मी तिथं स्टोअरमध्ये नोकरीला होते. त्याला जो बोल्ट हवा तो नेमका माझ्याकडं नसायचा, म्हणून तो रोज भांडायला यायचा, आणि मीही ऐकून घेणाऱ्यातली नव्हे. आठ महिने भांडलो. मशीन सुरू झालं तसं भांडायला कारण उरेना, तेव्हा लग्न करायचं ठरलं.

वडील आकांडतांडव करतील असं मला वाटलं होतं. पण ते म्हणाले, "पोरगा कामाचा आहे, बास." दुसऱ्या दिवशी मात्र त्यांच्या डोक्यात किडा वळवळला. "मुलाकडचं कोण येणार?" कुणीच नाही. त्याचे वडील वारलेले, भाऊ-बहीण नाही, आणि आई तिकडं वृद्धाश्रमात. तिला धड चालता येत नव्हतं, हृदयही कमजोर, त्यामुळं विमानात बसायला डॉक्टरांनी मनाई केलेली. "अरे देवा! मग मानपान कुणाचा करायचा? रुसायचं कुणी? वरमाय नाही तर ते लग्न कसलं?"

आमच्याकडं अशा वेळी एक सोय असते. मुलाला आईबाप नसले किंवा लांब असले, तर ओळखीतलं एखादं जोडपं पुढं होतं, हा आमचा मुलगा म्हणतं आणि लग्न लावून देतं. त्यात काही विशेष आहे असं कुणालाच वाटत नाही. वडिलांचे एक जुने मित्र वैजापूरला कांद्याची अडत चालवायचे. त्यांना विचारलं. ते हो म्हणायच्या आत त्यांची बायको हो म्हणाली.

या बाईंना तीन मुली, तिघींची लग्नं झालेली. म्हणजे तीनदा त्यांनी व्याह्यांपुढं हात जोडलेले, तीन विहिणींचे पाय धुतलेले आणि तिघींचे रुसवे काढलेले. आता पन्नाशीत पहिल्यांदा त्या मुलाकडच्या होणार होत्या. त्यांनी काही म्हणजे काही सोडलं नाही. मानाच्या साडीचा रंग पाणचट आहे म्हणून ती गुलमंडीवरनं बदलून आणायला लावली. धाकट्या मुलीला करवली केलं. हर्सूलहून सख्खा भाऊ आणून नवऱ्या मुलाचा मामा म्हणून उभा केला. आणि ऐन लग्नाच्या सकाळी चहात साखर कमी पडली म्हणून त्या अशा रुसल्या की खोलीचं दार लावून बसल्या. कालपर्यंत ही बाई आमच्या स्वयंपाकघरात बसून आईबरोबर पोहे खायची. आज आईनं दारातून "विहीणबाई, चुकलं" म्हणायचं होतं. आई दात-ओठ खात ते म्हणाली. दार उघडलं नाही.

शेवटी नवरा मुलगाच उठला. त्याला वाटलं, खरंच काहीतरी भयंकर घडलंय. मुंडावळ्या बांधलेल्या अवस्थेत आचाऱ्याकडं जाऊन त्यानं स्वतः चहा केला, त्यात वाटीभर साखर ओतली आणि दारापाशी जाऊन म्हणाला, "आई, चहा." तेवढं मराठी त्याला येत होतं. दार उघडलं. तो पाक त्यांनी शेवटच्या घोटापर्यंत प्यायला आणि त्या दिवसापासून तो त्यांचा 'माझं लेकरू' झाला. आजवर मी त्यांना काकू म्हणायचे, त्या काकूंच्या मी 'सासूबाई' केल्या आणि त्यांच्या यजमानांचे 'मामंजी'.

काम संपलं, नवरा परत गेला, आणि मी व्हिसाचा अर्ज भरला. त्यात एक प्रश्न होता की लग्नाला पतीचे कोणते नातेवाईक हजर होते. मी खरं ते लिहिलं, आई, वडील, बहीण, मामा. नवऱ्यानं तिकडून त्याच अर्जासाठी पत्र दिलं. त्यानंही खरं ते लिहिलं, माझ्याकडचं कुणीही येऊ शकलं नाही. आम्ही दोघं एकमेकांना पंधरा पंधरा पानी पत्रं लिहायचो, पण अर्जात काय लिहिलंस हे विचारायचं दोघांनाही सुचलं नाही.

मुंबईला मुलाखत झाली. साहेब चांगला सभ्य होता. लग्नाच्या फोटोवर बोट ठेवून म्हणाला, "या कोण?"

"सासूबाई."

"म्हणजे त्या लग्नाला होत्या?"

"होत्या की. रुसल्याही होत्या."

"का?"

"चहात साखर कमी होती."

त्यानं ते लिहून घेतलं. "आणि आता त्या कुठं असतात?"

"वैजापूरला."

"त्यांची तब्येत कशी आहे? चालता येतं?"

"चालता? अहो, अडतीतल्या दहा हमालांना पळवतात त्या!"

साहेबानं नवऱ्याचं पत्र पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं आणि पेन खाली ठेवलं. मला वाटलं, झालं काम. परतीच्या बसमध्ये मी मस्त झोपले.

महिन्यानं नकार आला. अर्जदार बाईंना आपल्या सासूबद्दल साधी माहितीही नाही. त्या कुठं राहतात, त्यांची प्रकृती कशी, पतीला बहीण आहे की नाही, काहीच ठाऊक नाही. सबब हा विवाह खरा वाटत नाही. मी इतकी संतापले की ते पत्र हातात धरून घरभर फिरले आणि समोर येईल त्याला वाचून दाखवलं. मला सासूबद्दल माहिती नाही! त्या बाईच्या साडीचा, साखरेचा आणि रुसव्याचा सगळा हिशोब मला तोंडपाठ, आणि म्हणे माहिती नाही!

नवऱ्याला फोन लावला. आधी तो पोट धरून हसला. मग म्हणाला, "आई दर रविवारी विचारते, ती कधी येणार. डॉक्टर म्हणतात, फार दिवस नाहीत." तिच्या उशाशी आमच्या लग्नाचा फोटो होता. मला त्या बाईला एकदा तरी भेटायचं होतं, आणि नवऱ्याला ते दिवस एकट्यानं काढू द्यायचे नव्हते. फोन ठेवून मी चांगली तासभर रडले.

अपील करायला महिन्याची मुदत होती. कोर्टाजवळ वडिलांच्या ओळखीचे एक म्हातारे वकीलसाहेब बसायचे. निजामाच्या काळातल्या जमिनींची प्रकरणं हा त्यांचा हातखंडा. त्यांनी नकाराचं पत्र वाचलं आणि चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसले. "बेटा, गोद लिया तो दत्तकपत्र है क्या?"

"नाही."

"मंडप में सब के सामने बेटा बोले, और कागज पे कुछ नै?"

"कुछ नै."

"तो बस, आसान है. अम्मा एक हलफनामा देंगी, के ये मेरा बेटा नै. बात खतम."

सासूबाईंना निरोप गेला. सकाळच्या एसटीनं त्या आल्या. चहा झाला. वकीलसाहेबांनी मसुदा वाचायला घेतला. "मी शपथेवर लिहून देते की, सदर इसम हा माझा मुलगा नसून, माझा व त्याचा कोणताही नातेसंबंध नाही..."

सासूबाई उठल्या. "ह्या कागदाला आधी काडी लावा."

"अम्माजी, सिर्फ कागज है."

"कागदच हाय ना, मंग तुमीच करा सही! अग्नीपुढं माझं लेकरू म्हणलं, आन् आता शिक्क्यापुढं नाय म्हणू व्हय? जीभ झडंल माझी." आणि पिशवी उचलून त्या स्टँडच्या वाटेला लागल्या.

लग्नातला रुसवा हा सराव होता, खरा हा. आई साडी घेऊन गेली, साडीसकट परत आली. वडिलांनी मामंजींना गाठलं. मामंजी म्हणाले, "माझं आईकती कुठं ती?" नवऱ्यानं फोन केला, तर त्याला त्यांनी जेवलास का विचारलं आणि कागदाचं नाव निघताच ठेवून दिला. मुदतीतले आठ दिवस उरले तेव्हा मी स्वतः वैजापूरला निघाले. बसमध्ये सगळी भाषणं पाठ केली होती. चांगली भांडणार होते.

सासूबाई ओट्यावर लसूण सोलत होत्या. मी उभ्या उभ्याच सुरुवात केली, "तुमच्या हट्टापायी मी इथं अडकून पडले."

"मंग ऱ्हा की इथं. सासर हाय तुझं."

पाठ केलेलं एकही वाक्य उपयोगाचं राहिलं नाही. मी खाली बसले आणि त्यांच्याबरोबर लसूण सोलू लागले.

आमच्या घरात न बोलता एक नियम झाला होता. सासूबाईंसमोर तिकडच्या आईचा विषय काढायचा नाही. वरमायला कशाला टोचायचं! त्यामुळं ती आजारी आहे यापलीकडं त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. त्या दिवशी मी नियम मोडला. रविवारचं सांगितलं, उशाजवळच्या फोटोचं सांगितलं, डॉक्टरांचं सांगितलं.

सासूबाईंचे हात थांबले. "तिनं सून बगितलीच नाय अजून?"

"फोटोत."

"त्या फोटूत मी बी हाय?"

"तुम्हीच तर मधोमध आहात."

"मंग काय म्हणती ती? ही कोन बाई म्हणून?"

"त्यांनी विचारलं होतं. यांनी सांगितलं, तू येऊ शकली नाहीस म्हणून या तुझ्या जागी उभ्या राहिल्या. तेव्हा म्हणाल्या, माझे आभार सांग त्यांना."

त्यांनी पदराला हात पुसले. "आधी सांगायचं ना, भवाने. कंदीची बस हाय?"

नोटरीपुढं वकीलसाहेब मसुदा पुन्हा वाचू लागले तर त्यांनी दोन्ही कानांत बोटं घातली. "मला आईकवू नका. सही कुठं ते दावा." शाळा पाचवीपर्यंतच झालेली, एकेक अक्षर कोरून सही केली. बाहेर आल्यावर मी चहा मागवला. त्यांनी कप हातात घेतला आणि तोंडाला लावलाच नाही. "आता म्या कोन त्याची?" म्हणाल्या आणि भर रस्त्यात हुंदके देऊन रडायला लागल्या. मी त्यांच्या हातातला कप काढून घेतला आणि त्यांना जवळ धरलं. मला माझीच लाज वाटत होती.

अपील मंजूर झालं. निकालाची प्रत इंग्रजीत आली, आणि दोनच दिवसांत सासूबाईही आल्या, माझी बॅग भरायला. मी निकाल वाचून मराठीत सांगत होते. स्थानिक रिवाज, गैरसमज, विवाह खरा, वगैरे वगैरे.

"आन् माझ्याबद्दल काय लिवलंय?"

मी ओळ पाहिली. सदर महिलेचा पतीशी काहीही नातेसंबंध नाही, हे तिनं स्वतःच मान्य केलं आहे, अशा अर्थाचं होतं ते.

"लिहिलंय की," मी म्हणाले, "या बाई मुलाच्या आई आहेत असं कोर्टाला वाटतं."

"वाटतं? का हाय?"

"हाय."

"मंग? म्या काय सांगत व्हते!" त्यांनी त्या पानाची झेरॉक्स मागून घेतली आणि घडी करून पिशवीत ठेवली.

मी गेले. नवऱ्याच्या आईनं चार महिने माझ्या हातचा वरण-भात खाल्ला आणि मग ती गेली. त्यानंतर आम्ही दर दोन वर्षांनी इकडं येतो आणि आधी वैजापूरला जातो, नाहीतर खैर नसते. प्रत्येक वेळी जेवणं झाली की सासूबाई ट्रंक उघडतात, ती झेरॉक्स काढतात आणि माझ्यासमोर धरतात. "वाच गं जरा, माझे डोळे गेले." आणि मी वाचते, या बाई आई आहेत असं कोर्ट म्हणतं. रचलेलं खोटं, पण इतक्यांदा वाचलंय की अडखळत नाही. धास्ती मात्र कायम असायची, की कधीतरी इंग्रजी येणारं कुणी भेटेल आणि माझं पितळ उघडं पडेल.

गेल्या खेपेला मी मामंजींजवळ ते बोलून दाखवलं. अंगणात आम्ही दोघंच होतो. ते हसले. म्हणाले, "तू विमानात बसायच्या आधीच तिनं तहसिलीतल्या भाऊसाहेबाकडून वाचून घेतलं होतं. शब्दन् शब्द. घरी येऊन मला म्हणाली, पोरीनं माझ्यासाठी खोटं वाचलं. तुमी काय बोलू नका तिला, लाजंल ती."

तेवढ्यात घरातून हाक आली. सासूबाई ट्रंकेजवळ बसल्या होत्या, कागद हातात होता, आणि माझा नवरा शेजारी मांडी घालून बसला होता. "ये, वाच," त्या म्हणाल्या आणि डोळे मिटून घेतले.

मी वाचलं. या बाई मुलाच्या आई आहेत.