साध्या इंग्रजीत सांगा

अनंतरावांचं इंग्रजी कामापुरतं होतं. साताऱ्याहून येऊन चेन्नईजवळच्या ओरगडमच्या कारखान्यात मेन्टेनन्सला लागल्याला बावीस वर्षं झाली होती. तमिळ अंगवळणी पडलं, इंग्रजी मात्र मशिनच्या पुस्तकांतून उचललं तेवढंच राहिलं. टाइट, लूज, ऑइल लीक. कारखान्यात कोणी इंग्रजी फाडायला लागला की पोरं ‘पीटर सोडतोय’, म्हणजे इंग्रजीचा तोरा मिरवतोय, म्हणून हसायची, त्यांच्याबरोबर अनंतरावही हसायचे.

त्या बुधवारी मात्र एका इंग्रजी कागदानं त्यांच्या तोंडचं पाणी पळवलं.

दोन दिवसांपूर्वी पत्रे दाबणाऱ्या प्रेसवर चंद्रिका या कामगार बाईची उजव्या हाताची दोन बोटं चिरडली होती. हात आत असला की प्रेस जागीच थांबवणारा सेन्सर असतो. तो आठवडाभर विनाकारण प्रेस थांबवत होता. नवा सेन्सर येईपर्यंत काम अडायला नको, म्हणून प्रॉडक्शन मॅनेजर गिरिधर यांनी तो बायपास, म्हणजे निकामी, करायला सांगितलं. मेन्टेनन्सचे सुपरवायझर म्हणून अनंतराव दोनदा नको म्हणाले, आणि तिसऱ्यांदा त्यांनी सेन्सर टाळणारी तार जोडली. चंद्रिकाला कोणी काहीच सांगितलं नाही.

आता गुरुवारी चौकशी होती, आणि ती इंग्रजीत चालणार होती. गिरिधर यांनी अनंतरावांचा जबाब स्वतःच टाइप करून दिला. चांगलं इंग्रजी आहे, नुसता वाचून दाखवा आणि सही करा, म्हणाले.

कंपनीच्या बसमध्ये अनंतरावांनी कागद चारदा काढला आणि चारदा घडी घालून ठेवला. तांबरमला घरी पोचल्यावर चहाआधी तो पाचव्यांदा उघडला. बायको प्रमोदिनी म्हणाली, समजत नसेल तर सहीच कशी करायची? खाली सीतालक्ष्मीबाई आहेत की.

सीतालक्ष्मीबाई तंजावरकडच्या मराठी. चौतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांची मराठी जुन्या वळणाची, तमिळ हेलाची. त्यांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला. सेन्सर बंद आढळला, असं त्यात होतं. पुरेशा सूचना देऊनही कामगार महिलेकडून निष्काळजीपणा घडला, असंही होतं.

“इंग्रजी फार बरवें आहे,” त्या म्हणाल्या. “पण ह्यात तुम्ही कोठे आहा?”

अनंतरावांना कळेना. तेव्हा बाईंनी समजावलं. इंग्रजीत अशी एक रचना असते, काम झालेलं दिसतं पण करणारा लिहावा लागत नाही. सेन्सर बंद आढळला. तो केला कोणी?

अनंतरावांनी मान खाली घातली. बाईंनी चष्मा काढला. कागद परत दिला आणि साखर घातलेलं ताक पुढं ठेवलं. जिना चढताना अनंतराव मनाशी हिशेब करत होते. दोन वर्षांनी निवृत्ती. आत्ता नोकरी गेली तर तोंड कुणाला दाखवायचं? आणि चंद्रिका, जिला अजून पट्टीखाली काय उरलंय ते पाहायचा धीर झाला नव्हता?

गुरुवारी समितीसमोर ते उभे राहिले. मधोमध हेड ऑफिसचे वयस्कर अधिकारी नारायणस्वामी, बाजूला गिरिधर. पहिली ओळ त्यांनी कशीबशी वाचली. दुसऱ्या ओळीत एक लांबलचक शब्द आला आणि जीभ अडखळली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडखळली. 

नारायणस्वामींनी हात वर केला. कागद राहू द्या, म्हणाले, काय झालं ते प्लेन इंग्लिशमध्ये सांगा.

अनंतरावांनी कागद टेबलावर ठेवला.

“सेन्सर आय बायपास,” ते म्हणाले. “चंद्रिका नॉट टोल्ड. चंद्रिका नो मिस्टेक.” मग गिरिधर यांच्याकडे बघून, “गिरिधर सर नो.”

 गिरिधर यांनी सुटकेचा सुस्कारा सोडला. नारायणस्वामी पुढं झुकले. नो म्हणजे काय, त्यांना ठाऊक होतं की नव्हतं?

आपलं इंग्रजी कुठं फसलं ते अनंतरावांच्या लक्षात आलं; ‘माहीत असणं’ आणि ‘नाही’, दोन्हीला इंग्रजीत ‘नो’च. अजूनही गप्प बसता आलं असतं. सगळा दोष एकट्याच्या अंगावर राहिला असता, पण गिरिधर सरांचा राग तरी ओढवला नसता. त्यांनी टेबलाची कड धरली.

“तेरियुम,” ते तमिळमध्ये म्हणाले. “माहीत होतं. सांगितलं त्यांनीच. तार मी जोडली.”

लेखी जबाब तमिळमध्ये पुन्हा घेतला गेला, आणि त्यावर त्यांनी सही केली.

निकालाला तीन आठवडे लागले.  अहवालातून चंद्रिकाच्या निष्काळजीपणाचं वाक्य निघालं. गिरिधर यांची बदली झाली. अनंतरावांची नोकरी राहिली, पण सुपरवायझरपद गेलं. नव्या सेन्सरशिवाय प्रेस चालू करायची नाही, असा हुकूम निघाला.

चंद्रिका दीड महिन्यानं कामावर आली, पॅकिंगला. अनंतराव तिच्यापुढं जाऊन उभे राहिले, पण माफीचा शब्द कुठल्याच भाषेत फुटेना. तिनं डाव्या हातानं खोका ढकलला आणि तमिळमध्ये विचारलं, “तार जोडली तेव्हाच मला का सांगितलं नाही?”

 अनंतरावांनी तो खोका उचलून ट्रॉलीवर ठेवला आणि पुढचा उचलला.