कुंकू नसलेलं बदक

मंडळी, आज सकाळी हसनाबादजवळच्या तलावावर आमच्या पक्षी बघणाऱ्यांत चांगलीच जुंपली. हळदी-कुंकू बदकांच्या थव्यात एकाच्या चोचीचं टोक हळदीसारखं पिवळं होतं, पण मुळाशी कुंकवासारखे लाल ठिपके दिसंनात.

"ही पूर्वेकडची. आता वेगळी जात धरतात तिला," सुनील म्हणाला.

"न्हाई हो, आपलीच मादी आहे. तिचे ठिपके फिके असतात," त्याची बायको म्हणाली.

मला एकदम आई आठवली. १९५६ची संक्रांत. आमच्या घरी हळदी-कुंकू होतं आणि माझी विधवा आत्या चुलीपाशी दडून बसल्ती. आईनं तिला हाताला धरून बैठकीत आणलं. बायका कुजबुजल्या.

"कुंकू गेलं म्हणून माझी नणंद वेगळी झाली का?" आई म्हणाली. "पहिलं वाण तिलाच."

आत्या खूप रडली, मंग वाण घेतलं. पुढं दर संक्रांतीला ती बिलकुल न लाजता सगळ्यांत बसायची.

बदकाची जात जाणकारांनी खुशाल वेगळी धरावी, पाखराला त्यात कमीपणा न्हाई. मी मात्र तलावाच्या काठी उभ्या उभ्या आईला हात जोडले.

तुमच्या घरात असं हाताला धरून आत आणणारं कोण होतं?