तुपाशिवायचा आमरस

मंजुषा माझी बहीण. सख्खी, धाकटी, माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान. मी श्यामकांत. बागबाजारात कुणालाही विचारा, गोदीतले श्यामकांतदा कुठे राहतात, हाताला धरून घरापर्यंत आणून सोडतील. खिदिरपूरच्या गोदीत एकतीस वर्षं क्रेन चालवली मी. चाळीस फुटी कंटेनर असा टेकवायचो की शेजारी उभ्या माणसाला आवाज यायचा नाही. शिक्षण आठवीपर्यंत, पण हातात अक्कल आहे. हे सांगायचं कारण एवढंच की मंजू माझ्या हाताखाली वाढली. तिला सायकल मी शिकवली, गंगेत पोहायला मी उतरवली, आणि ती बी.ए. झाली तेव्हा अख्ख्या गल्लीत पेढे मी वाटले. लग्न तिने केलं नाही. स्थळं मी एकोणीस आणली होती. तिची त्याबद्दल काही तक्रार नाही, माझी आहे.

आमचे आजोबा वेंगुर्ल्याहून इथे बंगालमध्ये आले. आम्ही दोघं इथेच जन्मलो, पण घरात मराठीच. मराठ्यांच्या भीतीने या शहराने एके काळी खंदक खणला, तो आमच्या बागबाजारातूनच सुरू व्हायचा. हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो. हेमा, म्हणजे माझी बायको, म्हणते, "ते घोडेस्वारांना घाबरले होते. तुम्हाला नाही."

तर मंजूची गोष्ट. ती लहान मुलांच्या शाळेत शिकवायची. तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाली आणि आठ दिवसांत घरात अशी फिरायला लागली की हेमाने मला बाजूला घेऊन सांगितलं, "हिला काहीतरी काम शोधा, नाहीतर ती माझे डबे परत परत लावत बसेल." काम मंजूनेच शोधलं. फळं टिकवायचा सरकारी वर्ग होता, पंधरा दिवसांचा, सगळा बंगालीतून. शिकवणाऱ्या बाई कडक. त्यांना सगळ्या दिदिमोनी म्हणायच्या. साठ वर्षांची आमची मंजू पुढच्या बाकावर बसून वहीत लिहून घ्यायची. पहिली आली असती, पण तिथे नंबर काढत नाहीत.

शिकून काय करायचं ते तिचं आधीच ठरलं होतं. इथे जूनमध्ये हिमसागर आंबा येतो. मी कोकणातला माणूस, हापूसशिवाय आंबा मानत नाही, पण हिमसागर खातो आणि गप्प बसतो, यातच काय ते समजा. तीन आठवडे ढीग लागतात, मग संपलं. आणि आमच्या मराठी मंडळाचा गणपती येतो तेव्हा आंब्याचं नाव नसतं. दीडशे माणसं जेवायला, पंगतीत आमरस-पुरी हवीच, म्हणून दुकानातला डबाबंद रस आणायचा. मंजू म्हणाली, "तो रस पत्र्यासारखा लागतो. मी जूनमध्ये बाटल्या भरते. गणपतीला आपल्या हातचा वाढू."

पहिल्या वर्षी तिने चोवीस बाटल्या भरल्या. रीत अशी. काचेच्या बाटल्या आधी उकळून घ्यायच्या. रस गरम करायचा, हिमसागर गोड असतो म्हणून त्यात लिंबाचं सत घालायचं, गरम असतानाच भरायचा, वर बोटभर जागा ठेवायची. पत्र्याचं झाकण लावायचं आणि मोठ्या पातेल्यात, तळाला फडकं घालून, बाटल्या पाण्यात बुडवून अर्धा तास उकळायच्या. गार होताना झाकण आत ओढलं जातं, मधोमध खळगा पडतो, आणि टक असा आवाज येतो. तो आवाज आला की बाटली लागली.

मी स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसलो होतो. लिंबाचं सत घातलं तेव्हाच मी हूं केलं होतं. मग म्हटलं, "आणि तूप?"

"तूप वाढताना घालायचं, दादा. बाटलीत तेलकट काही नको म्हणून सांगितलंय."

"कुणी? दिदिमोनींनी? त्यांनी आयुष्यात आमरस खाल्लाय का? आई रस काढला की त्यात तूप सोडायची, मग झाकण ठेवायची. तुपाशिवाय तो आमरस नाही, आंब्याचं पाणी आहे."

"आईचा रस दुपारी संपायचा. हा तीन महिने राहायचाय."

"मग तूप जास्त घाल. तुपाने पदार्थ टिकतो. लाडू टिकतात की नाही?"

मंजूने हातातलं फडकं खाली ठेवलं. मग तिने तुपाची बरणी काढली. प्रत्येक बाटलीत एक चमचा. मी मोठा भाऊ, माझा शब्द तिने कधी मोडलेला नाही. चोवीसपैकी बावीस बाटल्या टक बोलल्या. मी हेमाला म्हटलं, "बघ." मग लागलेल्या बाटल्या माझ्या पलंगाखाली ठेवल्या, कारण घरात तीच जागा थंड.

ऑगस्टच्या मध्यावर एका दुपारी पलंगाखाली फट्‌ आवाज झाला. वाकून बघतो तर एक झाकण उडालेलं आणि फेस बाहेर. बाकीच्यांची झाकणं फुगलेली. खाली राहणारे घोषबाबू वर येऊन विचारून गेले, घरात काही कुजलंय का. मंजूने एकेक बाटली बघितली आणि सगळ्या टाकून दिल्या. चाखूनही बघू दिलं नाही. म्हणाली, फुगलेलं झाकण म्हणजे विष समजायचं.

वाईट हे की मंडळात आधीच सांगून झालं होतं. जेवणाची व्यवस्था विनीताकडे असते. तिचा नवरा बँकेत अधिकारी, पुण्याहून बदलून आलेले, सॉल्ट लेकला राहतात. बाई नेटकी, कामाला चोख. मंजूने तिला फोन करून सांगितलं. पंगतीत दुकानातला रस आला. विनीता वाढता वाढता मंजूपाशी थांबली आणि म्हणाली, "असू दे हो मंजूताई. घरगुती ते घरगुतीच, नाही का? पुढच्या वेळी लोणचं करा." चार जणी हसल्या. मनात काही नव्हतं विनीताच्या, पण मंजूने तो रस खाली मान घालून खाल्ला आणि वाटी पुन्हा भरू दिली नाही.

पुढच्या आठवड्यात ती दिदिमोनींकडे जाऊन आली. आल्यावर चहा पिताना म्हणाली, "तूप वर तरंगतं, उकळताना काठाला लागतं. काठ तेलकट झाला की झाकण धरत नाही. आधी धरल्यासारखं वाटतं, मग सुटतं." एवढंच. मंडळात तर कुणालाच काही सांगितलं नाही. सगळ्यांना वाटलं, मंजूला जमलं नाही. मी तिथे होतो, मलाही बोलता आलं असतं. नाही बोललो.

त्या वर्षी हिवाळ्यात तिने काहीच केलं नाही. मोठं पातेलं माळ्यावर गेलं. हेमाने टोमॅटो आणून दिले, तर मंजूने त्यांचं सार केलं. मे महिना संपत आला तेव्हा मी विचारलं, "यंदा किती बाटल्या?" ती म्हणाली, "बघू. पुन्हा बिघडलं तर मी पातेलं विकून टाकीन. दोनदा तोंड दाखवायला मला जमणार नाही."

मी माळ्यावर चढलो आणि पातेलं काढलं. या वयात शिडीवर चढणारे आमच्या गल्लीत किती आहेत ते मोजून सांगतो, एक.

जूनमध्ये दोन टोपल्या हिमसागर आला. भरायच्या दिवशी मंजू म्हणाली, "दादा, तू बाहेर बस."

"मी काही बोलणार नाही."

"तू न बोलता पण बोलतोस."

हेमा आतून म्हणाली, "त्यांना काहीतरी हातात द्या, म्हणजे तोंड चालणार नाही."

तेव्हा मला काम मिळालं. काठ पुसायचे. एक स्वच्छ फडकं, उकळत्या पाण्यात बुडवून पिळलेलं, आणि बाटली भरली की काठावरून एक फेरी, मग कोरड्या फडक्याने दुसरी. रसाचा थेंब नको, रेषा नको. मी बेचाळीस बाटल्यांचे काठ पुसले. असे पुसले की मंजूने दोनदा तपासले आणि तिसऱ्यांदा तपासायचं सोडून दिलं. चिमट्याने बाटल्या पातेल्यात सोडायचं कामही नंतर माझ्याकडेच आलं. शेवटी क्रेनवाल्याचा हात. एकही बाटली दुसरीला लागली नाही. संध्याकाळी टेबलावर टॉवेल टाकून सगळ्या मांडल्या आणि आम्ही तिघं बसून राहिलो. टक. थोड्या वेळाने टक. मंजू मोजत होती. चाळीस झाले. दोन बोलल्या नाहीत, त्या रात्रीच्या जेवणात आम्ही संपवल्या. तूप घालून.

मग पावसाळा. रोज सकाळी मी झाकणं बघायचो. खळगा आहे ना? आहे. बोटाने दाबायला गेलो की मंजू ओरडायची, "दाबून बघू नकोस, नुसतं बघ." ऑगस्टचा मध्य आला, गेला. फट्‌ झालं नाही. तेव्हा तिने विनीताला फोन केला. मी शेजारीच होतो.

विनीता म्हणाली, "मंजूताई, दीडशे माणसांचा प्रश्न आहे. डबे मी मागवलेत. तुमच्या बाटल्या आणा, त्या दिवशी आधी उघडून बघू. ठीक वाटलं तर वाढू."

मी फोन हिसकावणार होतो. आमच्या घरचा माल उघडून बघणार? मंजूने हात आडवा धरला आणि म्हणाली, "बरोबर आहे तुमचं. मीही तेच केलं असतं." फोन ठेवल्यावर मला म्हणाली, "बंदरात माल तपासल्याशिवाय सोडत होतास का?" मी तिचं म्हणणं मान्य केलं. असं वर्षातून एकदा होतं.

गणपतीच्या दिवशी आम्ही खोके घेऊन टॅक्सीने गेलो. ड्रायव्हरला मी तीनदा सांगितलं, खड्डा आला की हळू. मंडळाच्या हॉलमागे स्वयंपाक चालला होता. एका बाजूला विनीताचे डबे रचलेले, एका बाजूला आमच्या बाटल्या. मंजूने पदर खोचला आणि म्हणाली, "कुठलीही उचला." विनीताने मधल्या खोक्यातली, अगदी तळाची उचलली. झाकण फिरवायला गेली. फिरेना. फडकं घेतलं, तरी नाही. तिचा नवरा आला, धिप्पाड माणूस, लाल झाला. मी म्हटलं, "राहू द्या, मंजूने लावलंय ते." मंजूने चमच्याच्या टोकाने झाकणाची कड जरा उचलली. पुक्‌ झालं आणि वास आला. सप्टेंबरमध्ये, त्या तेलाच्या आणि धुराच्या गर्दीत, पिकलेल्या आंब्याचा वास. पुऱ्या लाटणाऱ्या दोघी वळून बघायला लागल्या.

विनीताने चमचाभर चाखला. पुन्हा अर्धा चमचा घेतला. मंजू तिच्या तोंडाकडे बघत नव्हती, हातातल्या झाकणाकडे बघत होती. विनीता नवऱ्याला म्हणाली, "ते डबे गाडीत ठेवून या." मग मंजूला, "मंजूताई, मागच्या वेळी काय चुकलं होतं हो?"

मंजू म्हणाली, "शिकत होते, झालं काहीतरी."

आता इथे मी गप्प बसलो असतो तर कुणाला कळलं नसतं. पण मी बोललो. हॉलच्या दारापर्यंत ऐकू जाईल असं बोललो, माझा आवाज गोदीतला आहे. म्हटलं, "काही चुकलं नव्हतं तिचं. ती नको म्हणत असताना मी बाटलीत तूप घालायला लावलं. त्याने झाकणं सुटली. बाईने वर्षभर तुमचं ऐकून घेतलं आणि माझं नाव काढलं नाही. हे सगळ्यांनी ऐकून ठेवा. आणि असं चारचौघांत कबूल करायलाही छाती लागते."

हेमा म्हणाली, "झालं. यातही स्वतःची छाती आलीच."

मंजू माझ्याकडे वळली. डोळे भरले होते, पण आवाज शाळेतला. "दादा, पुरे. पुऱ्या गार होतायत. वाट्या मांड."

मी वाट्या मांडल्या. दीडशे. चाळीस बाटल्या संपल्या, शेवटच्या पंगतीला रस अर्धी वाटी वाढावा लागला. एकाने विचारलं, हा हापूस आहे का. मी म्हटलं, "आंबा बंगालचा आहे, हात वेंगुर्ल्याचा." घरी परतताना टॅक्सीत मंजू माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपून गेली. इतकी वर्षं झाली, लहानपणी पूजेचे मांडव बघून येताना झोपायची तशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला बेल वाजली. दारात विनीता, एका हातात दोन अननस, दुसऱ्या हातात वही. "मंजूताई उठल्यात का? आमची आता कधीही बदली होईल, त्याआधी मला शिकायचंय." मंजू केस बांधत बाहेर आली, वही बघितली, अननस हातात घेऊन वास घेतला. म्हणाली, "दोनाने काय होतंय? दादा, पिशवी घे आणि आणखी सहा घेऊन ये. पिवळे बघून आण. आणि विनीता, तुम्ही आधी बाटल्या उकळायला शिका, अननस नंतर." मी पिशवी घेतली. जाताना घोषबाबूंचं दार वाजवून त्यांना सांगितलं, आजपासून आमच्या घरात वर्ग भरतो.